लेकी बोले, सुने लागे : एम.ए.च्या वर्गात उपरोध शिकवताना

मे २०२४ संपत आला होता. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आई आणि मी लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसलो होतो, तेव्हा विभागप्रमुखांचा फोन आला. एम.ए.च्या तिसऱ्या सत्राला सूक्ष्म वाचनाचा, म्हणजे मजकूर शब्द न् शब्द तपासून वाचण्याचा, पेपर आहे, शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, तुम्ही घ्याल का? मी लगेच हो म्हटलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा होऊन सहा वर्षं झाली होती, पण आजवर मी पदवीच्या पहिल्या वर्षाला निबंध आणि व्याकरण एवढंच शिकवलं होतं. या पेपरात चार घटक होते आणि त्यातला एक अख्खा घटक ‘उपरोध : स्वरूप आणि प्रकार’ असा होता. उपरोध वाचताना मला कळतो. तो दुसऱ्याला कसा कळवायचा याचा मी कधी विचारच केला नव्हता.

जूनभर मी शोधत होते, की कुणीतरी स्वतःच्या वर्गाबद्दल लिहिलं असेल. पहिल्या तासाला काय केलं, काय फसलं, मुलं कुठे अडली. मला व्याख्या भरपूर मिळाल्या, वर्ग एकही मिळाला नाही. म्हणून माझा लिहून ठेवते आहे.

आधी कागदपत्रं, कारण त्यांनीच मला सगळ्यांत जास्त घाबरवलं होतं. मुलाखत १४ जूनला होती. सगळ्या गुणपत्रिका, नेटचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक, या सगळ्याच्या सही केलेल्या प्रतींचे तीन संच मागितले होते. चार करून न्या, एक आपल्याकडे राहू दे. मुलाखत दहा मिनिटांत आटोपली. नेमणूक तासिका तत्त्वावर, तासाला ५०० रुपये, आठवड्याला चार तास. वर्ग २४ जूनला सुरू झाले आणि नेमणुकीचं पत्र मात्र १९ जुलैला हातात पडलं. मधल्या चार आठवड्यांत घेतलेले पंधरा तास धरले गेले याचं एकच कारण, की कार्यालयातल्या एका अनुभवी शिपाईकाकांनी मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, “बेन, रुजू झाल्याचा अर्ज आजच द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्या.” पत्राची वाट बघत बसू नका. आवक क्रमांक घ्या.

वर्गात अकरा जण होते. बडोद्यातली मराठी मुलं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. घरात मराठी, गल्लीत गुजराती, आणि शाळा बहुतेकांची गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची. अकरापैकी पाच जण गुजराती माध्यमातून आलेले. त्यांच्या वह्यांमध्ये मराठी शब्दांवर शिरोरेषा नसायची, कारण गुजराती लिपीत ती नसतेच. त्यांचं बोलणं आईकडून आलेलं, वाचन मात्र नवं. सुरुवातीला मला वाटलं होतं, की हीच पाच मुलं मागे पडतील. तसं झालं नाही, ते पुढे येईलच.

पहिला तास वाया गेला. मी फळ्यावर उपरोध, उपहास, विडंबन, व्याजस्तुती अशी नावं लिहिली, प्रत्येकाची व्याख्या दिली आणि उदाहरणं विचारली. उशिरा येणाऱ्याला “फार लवकर आलास” म्हणणं, याच्यापलीकडे कुणी गेलं नाही. आम्ही सगळे मिळून ‘बोलायचं एक, अर्थ त्याच्या उलट’ इथे येऊन थांबलो. व्याख्या चुकीची नव्हती. तिच्यातून हाती काही लागत नव्हतं एवढंच.

तिसऱ्या तासाला मी संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या काव्यप्रकाश या ग्रंथातला एक प्रसिद्ध श्लोक मराठीत सांगून दिला. आपण फार उपकार केलेत, त्याबद्दल काय बोलावं! आपण सौजन्याची परिसीमा दाखवलीत. मित्रा, नेहमी असंच करत राहा आणि शंभर वर्षं सुखानं जगा. कवी कोण, प्रसंग काय, काहीच सांगितलं नाही. केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या होत्या आणि त्यांची टिपणं १९२९ च्या पुस्तकात अभ्यासली होती. ती युक्ती मी उचलली. दहा जणांनी लिहिलं, ‘कृतज्ञता’. एकीनं लिहिलं, ‘जरा जास्तच कृतज्ञता’. मग मी सांगितलं, की हे बोलणाऱ्याचं या मित्रानं वाटोळं केलं आहे. वर्ग एकदम सरसावून बसला. ‘विपरीत लक्षणा’, म्हणजे शब्दांचा उलट अर्थ घ्यायला लावणं, हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला, आणि तेव्हा तो त्यांना हवा होता.

पण एक प्रश्न उरला, आणि तो शहराच्या वाडी भागातून येणाऱ्या मुलानं विचारला. “मॅडम, तुम्ही प्रसंग सांगितला म्हणून कळलं. पुस्तकात कोण सांगणार?” मला उत्तर देता आलं नाही. विचार करून सांगते म्हटलं.

उत्तर घरी मिळालं. त्या रविवारी आई मला म्हणाली, “किती वेळा सांगितलं, बरणीचं झाकण घट्ट लावत जा, लोणच्याला बुरशी येते.” मी त्या बरणीला हातसुद्धा लावला नव्हता. ओट्याशी उभ्या असलेल्या वहिनीनं काही न बोलता झाकण फिरवून घट्ट केलं. लेकी बोले, सुने लागे. लहानपणापासून ऐकलेली म्हण. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की या म्हणीत तीन माणसं आहेत आणि ‘उलट अर्थ’ कुठेच नाही. आई खोटं बोलली नव्हती. झाकण खरंच सैल होतं. वाक्य एकीला उद्देशून होतं, पोचलं दुसरीला, आणि तिघींनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पुढे तीन खुर्च्या मांडल्या. एक बोलणारीची, एक जिला बोललं तिची, एक जिला लागलं तिची. मग चौथी ओढली, ती वाचणाऱ्याची. कोणत्याही मजकुराला आधी एवढंच विचारायचं: कोण बोलतंय, कुणाशी, लागतंय कुणाला, आणि कुणाला काय माहीत आहे. त्यानंतर मजकुरातल्या ज्या शब्दामुळे तुम्हाला तसं वाटलं, त्या शब्दावर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही तर उपरोध आहे असं म्हणायचं नाही, निदान आज नाही. ‘बोट कुठे?’ हा आमच्या वर्गाचा परवलीचा प्रश्न झाला. मुलं कॅंटीनमध्येही एकमेकांना विचारू लागली.

वाडीच्या मुलाच्या प्रश्नासाठी मी गाथासप्तशती या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहातली ती गाथा घेतली, जी नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनानं ध्वनीचं, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून दिली. एक स्त्री फुलं वेचायला येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला सांगते: महाराज, आता निर्धास्त फिरा. तुम्हाला भिववणारा तो कुत्रा आज मारला गेला, गोदाकाठच्या झाडोऱ्यात राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहानं मारला. वाक्य म्हणतं ‘फिरा’. अर्थ आहे ‘इकडे पाऊल टाकू नका’. तिच्या प्रियकराला भेटायची जागा तीच आहे, असं टीकाकार सांगतात. मी ते सांगितलं नाही. वीस मिनिटं शांत वाचायला दिलं.

सामा भागातून येणारी, गुजराती माध्यमातली मुलगी म्हणाली, “ती सिंहाचा पत्ता का देते?” कुत्रा मेला हे सांगायला कुत्रा मेला एवढंच पुरे होतं. सिंह कुठल्या नदीच्या काठी, कुठल्या झुडपात राहतो, हे कशाला? मूळ प्राकृत ओळीत पाहिलं तर तो पत्ता सांगणारा समास सगळ्या गाथेतला सर्वांत लांब शब्द आहे. बोट सापडलं होतं. प्रसंग कुणी सांगायची गरज नव्हती; गरजेपेक्षा जास्त दिलेली माहितीच तो सांगत होती. मी इतकी वर्षं ही गाथा वाचत होते आणि पत्त्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. तसं मी वर्गात सांगितलंही. त्या दिवसापासून ती मुलगी पहिल्या बाकावर बसू लागली.

एका गाथेला मी पाच तास दिले. अभ्यासक्रम मागे पडतोय अशी धाकधूक होती, पण आता विचाराल तर सांगेन, की द्या. सूक्ष्म वाचन घाईनं होत नाही, आणि पाच तास एका गाथेवर घालवलेला वर्ग पुढचं भराभर वाचतो.

मग पाऊस आला. २६ ऑगस्टला, जन्माष्टमीच्या दिवशी, धो धो कोसळला आणि विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. वीज नाही, वस्त्यांमध्ये मगरी निघाल्याच्या बातम्या. सामाच्या त्या मुलीचं घर तळमजल्यावर होतं. तिची पुस्तकं, वह्या, सगळं गेलं. आमचे आठवडाभराचे तास बुडाले. जादा तास घ्यायचे तर विभागप्रमुखांमार्फत लेखी अर्ज लागतो, त्यावर तारीख, वेळ आणि खोली क्रमांक लिहून मंजुरी घ्यावी लागते, नाहीतर ते तास बिलात धरत नाहीत. मी तीन तासांसाठी अर्ज केला, दोन मंजूर झाले. तिच्यासाठी मी सगळ्या उताऱ्यांच्या झेरॉक्स पुन्हा काढल्या. सत्रभरात झेरॉक्सला माझे १,१४० रुपये गेले. ते मागायची कुठे सोय नाही, म्हणून आधीच मनाशी धरून चाला.

गणपतीच्या आधी मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात दोन दुपारी गेले. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेलं हे ग्रंथालय, मजल्यांच्या फरश्या काचेच्या, खालच्या कपाटांपर्यंत उजेड पोचावा म्हणून. तिथे एकनाथांच्या भारुडांचे पाठ ताडून पाहिले, कारण पुढचा पाठ तोच होता: ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला’.

हे भारूड सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं आणि ऐकताना हसलेलं असतं. म्हणून मी ते चाल न लावता कागदावर दिलं, आणि शेवटची ओळ कापून दिलं. सासरा गावी गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला निर्दाळ. जाऊ फडफड बोलते, तिला बोडकी कर. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे.

पहिला अडसर रोडगा. मराठी शाळेतल्यांनाही माहीत नव्हता. कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला, असं मी सांगितल्यावर पाणीगेटचा मुलगा म्हणाला, “म्हणजे बाटी.” जवळपास तेच. मग त्यानंच विचारलं, “एवढ्या सगळ्यांच्या बदल्यात एकच बाटी?” आम्ही हिशेब मांडला. मागणं किती, देणं किती. या स्त्रीच्या घरात तिच्या स्वतःच्या हातात कणकेशिवाय काही नाही, हेही त्याच हिशेबातून निघालं, आणि हसणं थोडं कमी झालं.

दुसरा अडसर ‘बोडकी’. हा शब्द तिघांनाच माहीत होता. मी अर्थ सांगितला: नवरा गेल्यावर डोकं भादरलेली. कारेलीबागेतून येणारी मुलगी हळूच म्हणाली, “मग मरणार दीर. जाऊ नाही.” वर्ग गप्प झाला. शाप जावेला आहे, जीव जातो आहे तो दिराचा, ज्याच्याविषयी या बाईनं एकही तक्रार केलेली नाही. जावेला द्यायची सगळ्यांत मोठी शिक्षा तिला वैधव्य हीच वाटते. जे जग तिला छळतंय त्याच जगाची मापं तिच्या तोंडी आहेत. कारेलीबागेतल्या त्या मुलीची पणजी तशी होती, हे तिनं तास संपल्यावर मला सांगितलं.

मग शेवटची ओळ दिली. ‘एका जनार्दनी सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला.’ ‘एका’, म्हणजे खुद्द एकनाथ, आणि ‘एकटी’ शेजारी शेजारी. आता बोलणारी कोण? सून, की एकनाथ? सगळं सुटून एकटं उरणं हे सुनेचं वैतागलेलं मागणं आहे आणि साधकाचंही मागणं आहे. दोघं एकाच वाक्यात बोलतात आणि एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. सुनेला ते माहीत नाही, एकनाथांना आहे, ऐकणाऱ्याला शेवटी कळतं. चारही खुर्च्या भरल्या. शिक्षक म्हणून मला मिळालेला हा सगळ्यांत चांगला तास.

नवरात्र ३ ऑक्टोबरला बसलं. गरब्याच्या रात्री संपायला उशीर होतो, सकाळच्या तासाला चार-पाच जण असायचे. हजेरी ७५ टक्के लागते, म्हणून मी विभागाला विचारून ते तास दुपारी घेतले. हे आधीच ठरवून घ्या. त्याच दिवसांत सामाच्या मुलीनं एक गुजराती लोकगीत आणलं, ‘वहुए वगोव्यां मोटां खोरडां’. सुनेनं मोठ्या घराण्यांची बदनामी केली, असं पालुपद. आई सुखदुःख विचारते, मुलगी सांगते की सुखाचे दिवस सरले. नणंद आडून ऐकते, आणि एवढ्या एका वाक्यासाठी सुनेला विष दिलं जातं. मुलगी म्हणाली, “पालुपद सासरचं आहे, गाणं सुनेचं. दर कडव्यानंतर तेच शब्द येतात आणि दर वेळी ते कमी खरे वाटतात.” पालुपदाचं एक अक्षर बदलत नाही आणि अर्थ उलटा होतो. लहानपणापासून घरात ऐकलेलं गाणं तिनं पहिल्यांदा वाचलं होतं. तिच्या वहीतले शब्द बिनशिरोरेषेचे होते. मी ते दुरुस्त केले नाहीत.

यानंतर जे घडलं त्याची मला कल्पना नव्हती. त्यांना सगळीकडेच उपरोध दिसायला लागला. भाऊ माहेरी न्यायला आला म्हणून आनंदानं म्हटलेली जात्यावरची एक साधी ओवी दिली, तर सात जणांनी लिहिलं, की हा भावावरचा टोमणा आहे. कारण, ‘कुणी इतकं आनंदी कसं असेल?’ मला फार वाईट वाटलं. मीच त्यांना संशय शिकवला होता. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९७४ च्या आपल्या पुस्तकात उपरोध वाचण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत आणि पहिलीच पायरी आहे शब्दार्थ नाकारणं. आम्ही त्या पायरीवर दोन तास थांबलो. नाकारायला कारण हवं. शब्दार्थ नीट बसत असेल, कुठला शब्द अडत नसेल, पत्ता गरजेपेक्षा लांब नसेल, तर बाई आनंदात आहे हे मान्य करायचं. ओवी पुन्हा वाचली. वाडीचा मुलगा म्हणाला, “बोट ठेवायला काही नाही.” पुन्हा शिकवायची वेळ आली तर अशी सरळ, मनापासूनची रचना मी दुसऱ्याच आठवड्यात देईन आणि मधूनमधून देत राहीन.

अंतर्गत परीक्षा ३० गुणांची. मला न वाचलेला उतारा देऊन, शब्दकोश जवळ ठेवू देऊन परीक्षा घ्यायची होती. त्यालाही लेखी परवानगी लागते. अर्जासोबत गुणदानाचा तक्ता जोडला म्हणून ती तीन दिवसांत मिळाली: बोलणारा ओळखण्याला ५, शब्दावर बोट ठेवण्याला १५, पर्यायी अर्थ तपासण्याला १०. गुण २५ ऑक्टोबरला भरले. विद्यापीठाचा पेपर ३ डिसेंबरला झाला आणि त्यात प्रश्न आला, ‘उपरोधाची व्याख्या सांगून त्याचे प्रकार सोदाहरण लिहा.’ मुलं नाराज होऊन बाहेर आली. मीही झाले. पण ‘सोदाहरण’ या शब्दाखाली आठ जणांनी रोडग्याचा हिशेब लिहिला होता. म्हणून सांगते, व्याख्या सोडू नका. शेवटचे दोन तास प्रकार आणि संज्ञांना ठेवा.

माझे एकूण ५२ तास झाले, २६,००० रुपये. पहिलं बिल नेमणूकपत्राचा जावक क्रमांक लिहिला नव्हता म्हणून परत आलं. पैसे दोन हप्त्यांत आले, दिवाळीनंतर आणि जानेवारीच्या शेवटी. प्रत्येक तासाची तारीख, खोली, विषय आणि हजर संख्या स्वतःच्या वहीत लिहा. माझ्या बिलातले चार तास त्या वहीमुळेच सुटले नाहीत.

जानेवारीत निकाल लागला, सगळे उत्तीर्ण. त्या संध्याकाळी सामाच्या मुलीचा निरोप आला. निकालाबद्दल एक ओळ आणि मग हे: “मॅडम, भारुडात आपण चार खुर्च्या मांडल्या. पण भवानी आई पूर्ण भारूडभर काहीच बोलत नाही. ती हो म्हणाली की नाही, हे आपण विचारलंच नाही.” मी कपाटातून भारुडाची ती झेरॉक्स काढली आणि समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं: देवी गप्प का?